नाममुद्रेबाहेरची बया

राम जोशी या नावाला बया हे नाव आज मराठी माणसाच्या मनात जितक्या सहजतेने चिकटते, ती सहजता उत्तर पेशवाईने आपल्या हाती दिलेली नाही. ती १९४७ सालची आहे. त्या साली राजकमल कलामंदिराने 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट काढला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांच्याच हाताखाली या कलेची मुळाक्षरे गिरवलेले व्ही. शांताराम अशा गुरुशिष्यांची नावे दिग्दर्शक म्हणून त्यावर झळकली. संवादांत व गीतांत ग. दि. माडगूळकरांची लेखणी चालली, संगीत वसंत देसायांनी दिले, शाहीर झाले जयराम शिलेदार आणि बया झाली हंसा वाडकर. माडगूळकरांनी जुन्या शाहिरी वळणाची पदे अशा काही सफाईने बांधली की अस्सल कोणते आणि नवे कोणते हा विवेक करण्याची इच्छा श्रोत्याला राहू नये. या चित्रपटाने एक कथा रूढ केली: ब्राह्मण कुळातला बुद्धिमान कवी, तमासगिरांच्या फडातली लावण्यवती, तिच्यापायी त्याने ओढवून घेतलेला ज्ञातीचा कोप, मग परवड, मद्य, विरह आणि अखेरीस काव्याच्या बळावर झालेला उद्धार. चारच वर्षांनी शांतारामांनी होनाजीवर 'अमर भूपाळी' काढला, तेव्हाही शाहिराशेजारी गुणवती नावाची एक नर्तकी उभी राहिलीच. शाहीर म्हटला की त्याची एक प्रेयसी असलीच पाहिजे, तिच्या नेत्रकटाक्षावाचून त्याला कवन सुचताच कामा नये, असा जो एक दंडक आपल्या मनात बसला तो असा रुपेरी पडद्यावरून उतरून बसला.

चित्रपटाने इतिहास बिघडवला, अशी तक्रार मांडण्याचा येथे हेतू नाही. करमणुकीच्या धंद्याने दफ्तरखान्याची शिस्त पाळावी असा आग्रह धरणारा मनुष्य चित्रपटही पाहत नाही आणि दफ्तरही चाळत नाही, असा सामान्य अनुभव आहे. प्रश्न एवढाच की त्या कथेतली बया खरोखरीची कोण, आणि शाहीर व त्याची नायकीण यांच्यामध्ये जे काही होते ते केवळ प्रेम होते, की त्या प्रेमाखाली एका व्यवसायाचा पाया होता.

राम जोश्यांच्या चरित्राची जी सामग्री उपलब्ध आहे तिच्यातला बराच भाग आख्यायिकांचा आहे, आणि आख्यायिका या प्रकाराची एक गंमत अशी की तिच्यातला तपशील संशयास्पद असला तरी तिचा कल मात्र बहुधा विश्वसनीय असतो. जन्म सोलापूरचा, १७६२ च्या सुमाराचा. घराणे नावाप्रमाणेच ज्योतिषाच्या वृत्तीवर चालणारे. वडील बंधू मुद्गल जोशी हे विद्वान पुराणिक, ज्यांच्यामुळे घराला पंक्तीत मान होता आणि धाकट्याच्या वर्तनावर गावाचा डोळा होता. सोलापूर हे त्या काळीही आजच्याप्रमाणेच तीनचार भाषांच्या सरहद्दीवरचे गाव. मराठी घरात, कानडी पेठेत, तेलुगू विणकराच्या तोंडी आणि हिंदुस्थानी लष्कराच्या छावणीत, अशी भाषांची आपोआप वाटणी झालेल्या या गावात वाढलेल्या मुलाने पुढे एकाच लावणीत अनेक भाषांची कडवी गुंफून दाखवली, यात चमत्कार कमी आणि सोलापूर अधिक आहे. याच गावात धोंडी शाहिराचा फड होता. राम त्या फडात जाऊन बसू लागला, बसता बसता लावण्या जुळवून देऊ लागला, आणि पुराणिकाच्या घरचा मुलगा डफाच्या आवाजावर ओळी रचतो ही वार्ता गावभर झाल्यावर मुद्गलभटांनी त्याला घराबाहेर काढले, असे परंपरा सांगते.

येथून तो पंढरपुरास गेला आणि तेथे बाबा पाध्ये यांच्यापाशी त्याने काव्य-व्याकरणाचे रीतसर अध्ययन केले. उडाणटप्पू म्हणून घालवून दिलेला मुलगा व्युत्पन्न होऊन परतला. कीर्तनास उभा राहू लागला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. आणि एवढी प्रतिष्ठा हाती आल्यावरही तो पुन्हा तमाशाकडे वळला. या दुसऱ्या वळणाकडे चरित्रकारांनी पाहावे तितके पाहिलेले नाही. पहिल्या खेपेचे पतन पोरवयाचे म्हणून सोडून देता येते. दुसऱ्या खेपेस तो मनुष्य आपण काय सोडतो आहोत हे पुरते जाणून सोडीत होता. त्याच्या रचनेत संस्कृत समासांची जी लयबद्ध दौड आहे, यमकांवर यमके रचीत ढोलकीच्या तोडाला तोड देण्याची जी ईर्ष्या आहे, ती पंढरपूरच्या पाठशाळेने दिलेली विद्या सोलापूरच्या फडात वापरल्याशिवाय येत नाही. पुढे बारामतीस मोरोपंतांशी त्याची भेट झाली आणि पंतांनी त्याच्या प्रतिभेचा गौरव करून तिला परमार्थाकडे वळवण्याचा उपदेश केला, ही कथा सर्वश्रुत आहे. १७९४ साली पंत निवर्तले. त्यांच्या आर्या पंडितांच्या पोथीतून सामान्य श्रोत्यांच्या कानावर गेल्या त्यात राम जोश्यांच्या कीर्तनाचा वाटा मोठा होता, हे मात्र आख्यायिकेहून बळकट आहे. लावणीकाराने पंडित कवीला लोकांत नेऊन पोहोचवावे, हा ऋणानुबंध विलक्षणच म्हटला पाहिजे. आणि आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांनी तो बहुधा उलट बाजूने, म्हणजे पंतांनी शाहिराचा उद्धार केला अशा रीतीने, सांगितला आहे.

आता बया. परंपरा सांगते की राम जोश्यांच्या फडात बया आणि चिमा अशा दोन साथीदारणी होत्या आणि त्यांच्यामुळे त्याचा तमाशा विशेष रंगे. एवढ्यावर परंपरा थांबते. बया कोणत्या गावची, कोणाची मुलगी, कोणापाशी गाणे शिकली, राम जोशी १८१३ च्या सुमारास वारल्यावर तिचे पुढे काय झाले, यांतले काहीएक परंपरेने जतन केले नाही. आणि चिमेचे तर काय सांगावे? दोन बायकांमधून प्रेमकथेला एकच लागते, म्हणून चिमा पडद्यापर्यंत पोहोचता पोहोचता मागे पडली.

या मौनाचे कारण लावणीच्या बांधणीतच सापडते. लावणीच्या अखेरच्या कडव्यात कवी आपली नाममुद्रा घालतो; राम जोशी 'कविराय' म्हणवून घेतो, होनाजी आपल्या नावाबरोबर गळा देणाऱ्या बाळाचे नाव गोवतो. होनाजी जातीचा गवळी आणि बाळा शिंपी. एक रचणारा, दुसरा गाणारा. आणि त्या दोघांची नावे इतकी एकजीव झाली की होनाजी बाळा हा एकच इसम होता असे समजणारे लोक अद्याप भेटतात. प्रभाकराच्या लावणीत तर अखेरीस सबंध फडाची हजेरीच लागते: गंगु हैबतीचा फड, महादेवाचा गळा, प्रभाकराचे कवन. ज्याचा ज्याचा मेहनतीत हिस्सा त्याचे त्याचे नाव, असा हा चोख हिशेब आहे. आणि या हिशेबात एकाही स्त्रीचे नाव नाही. लावणीभर बोलणारी मात्र तीच असते. स्वारीवर गेलेल्या शिलेदाराची वाट पाहणारी, सवतीवर रुसलेली, सोळा शृंगार करून माडीवर उभी राहिलेली, मूल नाही म्हणून झुरणारी अशी ती 'मी' म्हणून बोलते, आणि तिच्या तोंडचे बोलणे संपले की शेवटच्या ओळीत पुरुष येऊन सही करतो. खरेदीखतावर मजकूर एकाचा आणि निशाणी दुसऱ्याची असावी तसला हा प्रकार आहे.

यावर कोणी म्हणेल की त्या काळच्या फडात स्त्रिया होत्याच कोठे? आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. उत्तर पेशवाईतल्या तमाशाची घडण साधारण अशी होती: फडाचा म्होरक्या हा सरदार किंवा नाईक, त्याच्या मागे ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणे आणि कडे वाजवणारे, ध्रुपदाची ओळ उचलून धरणारे झीलकरी, हशा पिकवणारा सोंगाड्या, आणि लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून नाचणारा मुलगा, ज्याला नाच्या पोऱ्या म्हणत. आधी गण, मग गवळण, मग रात्र चढत जाईल तशा लावण्या. समोर दुसरा फड असेल तर सवालजवाब, ज्यात हरणाऱ्याला डफ खाली ठेवावा लागे. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे आणि तुरेवाले शिवाला. प्रकृती मोठी की पुरुष मोठा या वादात रात्रीच्या रात्री जात, सवालावर सवाल चढत, आणि शक्तीचा कैवार घेऊन घसा फोडणारेही सगळे पुरुषच असत. ज्या फडात स्त्रीची बाजू मांडायची तीही मिसरूड न फुटलेल्या पोराने, तेथे बयेला जागा कोठली?

मला वाटते, बया आणि चिमा या फडाच्या पाटावरच्या नव्हेत, कलावंतिणींच्या ताफ्यातल्या असाव्यात. पेशवाईत ही दोन जगे निरनिराळी होती. फड उघड्यावर, पेठेत, लष्कराच्या गोटात, जत्रेत. त्याला बिदागी मिळे, क्वचित शेलापागोटे मिळे. ताफा मात्र वाड्यातला, दिवाणखान्यातला, लग्नमुंजींतला आणि दरबारी समारंभातला. त्याची नोंद खर्चाच्या बाबीत पडे. होनाजीसारखा शाहीर लावणीला रागदारीचे वळण देतो आणि ती बैठकीत गाइली जाऊ लागते, तेव्हा या दोन जगांमध्ये ये-जा सुरू झालेली असते. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत, म्हणजे १७९६ पासून १८१८ पर्यंतच्या बावीस वर्षांत, ही ये-जा पुण्यात जितकी वाढली तितकी पूर्वी कधी नव्हती. वसईच्या तहाने स्वराज्य गहाण पडले, होळकरी दंग्याने पुणे लुटले गेले, पाठोपाठ दुष्काळ आला, आणि याच वर्षांत लावणीला तिचा सर्वांत तेजस्वी बहर आला. पुढच्या इतिहासकारांनी यावरून लावणी हे राज्य बुडाल्याचे कारण ठरवले. राज्य लावणीने बुडत असते तर इंग्रजांना कवायती पलटणी पोसण्याचा खर्च करावा लागला नसता. पण हे विषयान्तर झाले.

या काळातल्या सामान्य स्त्रीचे नाव कागदावर येते ते कोठे, हे पाहायचे असेल तर पेशवे दफ्तराकडे जावे लागते. १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात गेलेले हे मोडी रुमाल पुण्याच्या दफ्तरखान्यात एकत्र झाले, आणि त्यांच्यातून गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० पासूनच्या थोड्या वर्षांत पंचेचाळीस भाग छापून निघाले. पेशवाईच्या कागदांत राजकारणाच्या पत्रांबरोबर कारभाराचाही पसारा आहे, आणि या कारभारी कागदांत स्त्री भेटते ती कुणबीण म्हणून, बटीक म्हणून, नाटकशाळा म्हणून. कुणबिणींची खरेदी-विक्री राजरोस होई. तिची किंमत ठरे, तिच्यावर जकात बसे. शिंदळकीचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रीला सरकारात जमा करून किल्ल्यावर किंवा कोठीत कामाला लावीत. तिच्या मुलांना लेकावळे म्हणत आणि तीही पुढे त्याच खात्यात खपत. ज्या हुजुरातीत लावणीच्या नायिकेच्या विरहावर माना डोलत, त्याच हुजुरातीच्या जमाखर्चात एखादी स्त्री गुराढोरांच्या शेजारच्या ओळीत लिहिली जाई, यात कोणाला विसंगती वाटत नव्हती. कलावंतीण या सर्वांत थोडी बरी, कारण तिच्यापाशी गुण होता आणि गुणाला दाम होता. तिला इनामही मिळे आणि ती घरदारही करी. पण बटकीच्या आणि तिच्या दरम्यान जी भिंत होती ती फार जाड नव्हती. बया या अशा काळात वावरली. राम जोश्याने तिच्यासाठी ज्ञाती सोडली हे खरे धरले तरी, सोडण्यासारखी ज्ञाती त्याच्यापाशी होती आणि पुन्हा कीर्तनाला उभे राहून ती परत मिळवण्याचा मार्गही त्याला खुला होता. तिच्यासाठी मोरोपंत नव्हते.

अठराशे अठरानंतर आश्रयदाते गेले. होनाजी आणि परशराम हे दोघेही १८४४ पर्यंत जगले, सगनभाऊ, जेजुरीकडचा हा मुसलमान शिकलगार, १८५० पर्यंत; पण उतारवयात त्यांना पेशव्यांचा वाडा दिसत होता तो ओस पडलेला. नव्या शिकलेल्या वर्गाचे मन १८४३ नंतर हळूहळू नाटकाकडे गेले. पुढे या वर्गाला शाहिरांची आठवण झाली ती पोवाड्यांसाठी: १८९१ साली ॲक्वर्थ नावाच्या सनदी अधिकाऱ्याने आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी मिळून ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, कारण पोवाड्यात लढाया होत्या आणि लढायांना इतिहास म्हणता येत होते. लावणीला काय म्हणावे हे ठरत नव्हते. तिचे संग्रह शाळिग्रामांनीच पुढे प्रसिद्ध केले, आणि हे काम त्यांनी केले नसते तर राम जोशी आज आपल्याला कितीसा मिळाला असता याची शंकाच आहे.

दरम्यान फडाची घडणही पालटत होती. उमा-बाबू सावळजकरांनी १८६५ च्या सुमारास मोहना-बटावाचा वग उभा केला आणि तमाशात कथानक आले. माझी समजूत अशी की स्त्री तमाशाच्या पाटावर आली त्याचे एक कारण हा वग होय. गिरक्या घ्यायला पोऱ्या चालतो, पण दीड-दोन प्रहर राणी होऊन बोलायचे, रडायचे, भांडायचे तर नाच्याचे अंग कमी पडते. दुसरे कारण मुंबई. गिरण्यांच्या चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेली, बायकामुले गावी ठेवलेली लाखो माणसे पगाराच्या दिवशी पिला हाउसच्या बाजूने करमणूक शोधीत, आणि त्या तिकिटाच्या पैशावर फड जगू लागला. राजाश्रयाच्या जागी असा लोकाश्रय आल्यावर महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या स्त्रिया पुढे आल्या. यांच्यापैकी कोल्हाटी घरांत नाचणाऱ्या मुलीचे लग्न होत नसे. चिरा उतरण्याचा विधी झाला की तिच्या मिळकतीवर भाऊ, भावजया, भाचरे असा सारा गोतावळा पोसला जाई. शाहिराने जिला आपली स्फूर्ती म्हणून मिरवले ती स्वतःच्या घरी कर्ता पुरुष होती, एवढे या व्यवस्थेचे स्वरूप ध्यानात ठेवलेले बरे.

ज्यांचे दोघांचेही नाव टिकले अशी शाहीर आणि नायकीण यांची जोडी आपल्याकडे एकच झाली, आणि ती याच काळातली. श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी, जन्म १८६६, गाव कृष्णाकाठचे रेठरे हरणाक्ष, आज सांगली जिल्ह्यात. घरी कुळकर्णाचे वतन. दप्तर सांभाळावे, पट्टी वसुलावी, गावकीत मान घ्यावा, एवढे ठरलेले आयुष्य. त्याऐवजी महारवाड्यातल्या तमाशाची गोडी लागून हा गृहस्थ लावण्या करू लागला, वतन आणि जात दोन्हींवर पाणी सोडून फडात शिरला आणि पठ्ठे बापूराव झाला. पवळा त्याच्याहून चार वर्षांनी लहान. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा येथील महार घरातली. लहानपणीच तिला खंडोबाला मुरळी म्हणून वाहिले होते असे सांगतात. ज्या संगमनेरात शंभर वर्षांपूर्वी अनंतफंदी झाला, ज्याने अहिल्याबाई होळकरांच्या एका शब्दावर डफ फोडून कीर्तन धरले अशी कथा आहे, त्याच मुलुखातली ही मुलगी. फरक एवढाच की तिने पाय थांबवावेत म्हणून शब्द टाकायला कोणी अहिल्याबाई आली नाही.

या जोडीने मुंबई आणि देश हलवून सोडला. १९०८-०९ च्या सुमारास कोल्हापुरास शाहू छत्रपतींपुढे बापूरावाने 'मिठाराणी'चा वग केला. आपल्या लावण्यांची संख्या तो लाखांत सांगे; शाहिरी अतिशयोक्ती वजा घातली तरी उरते ती रचना थोडी नाही. लोक मात्र पवळेला पाहायला येत. ती गोरी होती, देखणी होती, आवाज खणखणीत होता, एवढेच लिहून बहुतेक लेखक थांबतात, आणि येथेच या कलेचे मर्म त्यांच्या हातून निसटते. लावणीची ओळ कागदावर एकदाच लिहिलेली असते. गाणारी ती चार वेळा घेते. पहिल्या खेपेस शब्द सरळ टाकते. दुसऱ्या खेपेस पदराचे टोक बोटाला गुंडाळीत तीच ओळ तक्रार करते. तिसऱ्या खेपेस नजर समोरच्या एकाच माणसावर रोखून अर्धी ओळ म्हणते आणि उरलेली अर्धी ढोलकीवर सोडते. चौथ्या खेपेस ओठ हलतात, आवाज येत नाही, भिवई मात्र बोलते, आणि बैठकीतून दाद उठते. याला अदा म्हणतात. या चार अर्थांपैकी कवीने किती लिहिले होते? बैठकीच्या लावणीत वाईच्या यमुनाबाईंनी हीच विद्या थेट आपल्या काळापर्यंत चालवली, आणि त्यांचे गाणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना नुसती छापील लावणी किती अपुरी असते हे वेगळे सांगायला नको. बापूरावाच्या शब्दांवर पवळेने असे किती अर्थ चढवले याचा एकही कागद नाही. तिच्या पाठीमागे त्या अदा गेल्या.

ब्राह्मण कवी आणि महार नायकीण हा संबंध लोकांच्या डोळ्यांत सलला, त्यावरून दोघांची निंदानालस्ती झाली, आणि त्याच निंदेने तिकिटेही खपली. पुढे त्यांचे बिनसले. पवळा फड सोडून गेली. भांडण पैशाचे होते, मत्सराचे होते, की वयाचे, याच्या जितक्या गोष्टी तितकी तोंडे. आणि सगळी तोंडे बापूरावाच्या बाजूने बोलणारी. तिच्या जाण्याने त्याचा फड मोडकळीस आला हे मात्र सारेच मान्य करतात, आणि ज्या व्यवसायात ती केवळ प्रेरणा होती असे आपण समजतो त्या व्यवसायात ती वास्तविक काय होती, याचा याहून रोखठोक दाखला मिळणे कठीण. १९३९ साली ती वारली. बापूराव १९४५ च्या डिसेंबरात पुण्यास विपन्नावस्थेत वारला.

या दोघांच्या कथेत एक प्रसंग आहे जो प्रेमकथा सांगणारे सहसा वगळतात. महाडच्या सत्याग्रहाच्या दिवसांत पठ्ठे बापूरावाने आपल्या तमाशाचे उत्पन्न त्या कार्याला देऊ केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले. महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा अस्पृश्यांच्या मुक्तीसाठी घेणे त्यांना मान्य नव्हते. बापूरावाच्या मनाला हे लागले असणार. त्याने जात सोडली होती, त्याच स्त्रियांबरोबर जेवला-राहिला होता, आणि आपल्या परीने तो खरोखरच देऊ पाहत होता. तरीही त्या नकारामागचा हिशेब चुकलेला नव्हता. शाहीर आणि नायकीण या नात्याकडे शृंगाराच्या बाजूने न पाहता श्रमाच्या बाजूने पाहणारा हा पहिलाच मोठा मनुष्य, आणि त्याला तमाशाची गोडी नव्हती म्हणून त्याने तसे पाहिले असे म्हणणे हा पळपुटेपणा होईल.

'लोकशाहीर राम जोशी' आला तेव्हा बापूरावाला जाऊन दोन वर्षे होत आली होती. त्याच सुमारास बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने अश्लीलतेच्या सबबीवर तमाशावर बंदी घातली. मग ओरड झाली, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती बसली, संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर खेळांना परवाना मिळू लागला. म्हणजे खरा तमाशा सरकारी तपासनीसापुढे कागद घेऊन उभा होता, आणि चित्रपटातला तमाशा शहरोशहरी सहकुटुंब पाहिला जात होता. मध्यमवर्गीय गृहिणीने लावणी उघडपणे ऐकली ती याच चित्रपटापासून, आणि हे श्रेय त्याच्यापासून कोणी हिरावून घेऊ नये. पुढे तमाशापटांचे पेवच फुटले. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'त पुन्हा हंसा वाडकरच.

या बाई मूळच्या रतन साळगावकर. मागच्या पिढ्यांत कलावंतिणीचा वारसा असलेल्या घरातली मुलगी; घरची गरज म्हणून कोवळ्या वयात कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली. प्रभातच्या 'संत सखू'मध्ये ती सखू झाली आणि सहा वर्षांनी बया, आणि दोन्ही वेळा प्रेक्षकांनी तिच्यावर सारखाच विश्वास ठेवला. बया तिने अशी उभी केली की चित्रपटातला कवी तिच्यापुढे अनेकदा फिका पडतो. सवालजवाबाच्या प्रसंगात तिची मान, तिचा हात कमरेवर जाण्याची ती तऱ्हा, समोरच्या फडाला तोलणारी तिची नजर, ही कोणा प्रेमविव्हल युवतीची नव्हे. धंद्यात मुरलेल्या बाईची ती ऐट आहे. लेखणी माडगूळकरांची असली तरी हे ज्ञान तिच्या रक्तातले असावे.

१९७० साली, मरणाच्या आदल्या वर्षी, तिचे आत्मकथन ग्रंथरूपाने निघाले. नाव चित्रपटाचेच, 'सांगत्ये ऐका'. आधी ते 'माणूस' साप्ताहिकातून येत होते, शब्दांकन अरुण साधूंचे. दारू, संसाराची मोडतोड, पुरुषांनी वापरून घेतलेले दिवस आणि आपल्या हातून घडलेली चूक, सारे तिने आडपडदा न ठेवता सांगून टाकले. महाराष्ट्र हादरला, काही घरांत ते पुस्तक कपाटात मागच्या बाजूला ठेवीत. १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्याच्या आधारे 'भूमिका' हा हिंदी चित्रपट केला, आणि त्यातला नायक कोण हा प्रश्न कोणाला पडला नाही. राम जोश्याच्या बयेला, होनाजीच्या गुणवतीला किंवा हिवरगावच्या पवळेला अखेरच्या कडव्यात जी ओळ मिळाली नव्हती ती बयेचे सोंग घेतलेल्या एका बाईने गद्यात लिहवून घेतली, आणि मुखपृष्ठावर नाव घातले ते स्वतःचे.